अण्णा गिऱ्हाईक होतात

"मागे सरका, अण्णा! तुमचा हात येतोय फोनमध्ये!"

"माझा हात माझ्या दुकानात नाही येणार, तर कुणाच्या येणार?"

"येऊ दे की. पण नुसता येऊ दे. तो डबा काढतोय!"

खरंच काढत होता. अण्णांनी खाली पाहिलं. उजवा हात मालकाला न विचारता तिसऱ्या रांगेतल्या पांढऱ्या बटणांच्या डब्यापाशी पोचला होता. कारण काउंटरमागे उंच स्टुलावर बसलेल्या गुंडीनं डावीकडे मान वळवली होती, आणि तिनं अशी मान वळवली की तिला पांढरी बटणं हवी असतात, हे आजोबांना जेवढं ठाऊक होतं तेवढं जगात कुणालाच नव्हतं.

त्यांनी हात खिशात कोंबला. तिथं तो वळवळत राहिला.

आठवड्याची सुट्टी. भर दुपारी शटर खाली, दिवे मात्र सगळे लागलेले. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर फोन धरून अण्णांचा धाकटा मुलगा. कपाटाला टेकून, हाताची घडी घालून थोरला, म्हणजे गुंडीचा बाप. रिळांच्या खोक्यावर अक्का, अण्णांची मोठी बहीण. सत्तरी उलटलेली, पण सकाळपासून तिच्या अंगात असं काही वारं शिरलं होतं की तिनं दोनदा काउंटर पुसला आणि तीनदा स्वतःचा चष्मा. आणि शटरजवळ, सगळ्यांपासून चार पावलं लांब, सूनबाई.

तिची बॅग वरच्या खोलीत भरून तयार होती.

*

आधी दुकान. ते समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

दुकान बटणांचं, हुकांचं, चेनींचं, लेसांचं. भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत पुठ्ठ्याचे डबे, आणि प्रत्येक डब्याच्या तोंडावर आतल्या मालाचा एकेक नमुना दोऱ्यानं शिवलेला. गिऱ्हाईकानं यावं, बोट दाखवावं, माल घ्यावा. पण बोट दाखवण्याची वेळही अण्णा येऊ देत नसत. बाई दारातून आत येताना दोन बोटांत अंतर धरून आली, की तिचं पाऊल पडायच्या आत नऊ इंची चेन काउंटरवर. एखादा गृहस्थ उजवा हात पाठीमागे लपवून आला, की त्याच्या बाहीचं गेलेलं बटण, त्याच रंगाचं, त्याच चार भोकांचं, हजर. "तुम्हाला कसं कळलं?" असं माणसं विचारत. अण्णा फक्त मान हलवत. त्या मान हलवण्यावर ते चाळीस वर्षं जगले होते.

आता गुंडी. वय तीन वर्षं, दोन महिने. कान एकदम तीक्ष्ण. दोन ठिकाणी तपासून झाले. सांगितलेलं सगळं समजतं. वरून निळी लेस आण म्हटलं तर निळीच आणते, आकाशी नाही. आणि बोलत काही नाही. एक शब्द नाही.

"उं" म्हणते.

उं, वर जाणारा: पाणी.

उं, आखूड, दोनदा: खाली ठेव मला.

उं, नाकातून: हा माणूस कधी जाणार?

उं, जोरात, मान हलवून: चूक, चूक, असं नाही.

असे अकरा. अण्णांनी मोजले होते. घरात इतरांना सहा-सात यायचे, अण्णांना अकराच्या अकरा. "बोलते ती," ते सांगत. "ऐकणाऱ्याला कान हवेत." बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे गेल्या आठवड्यात सगळे गेले, तेव्हा हेच त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं. बाई जमिनीवर बसल्या होत्या, गुंडीबरोबर ठोकळे रचत. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आजोबा, अकरा आवाजांत तिचं सगळं भागतं. मग बारावा शब्द ती कशासाठी शिकेल?"

अण्णांना तोंडात मारल्यासारखं झालं होतं. घरी येईपर्यंत त्याचा राग झाला, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत वाद.

सूनबाई वादात पडली नाही. ती फक्त म्हणाली, मी हिला घेऊन ताईकडे जाते, सहा महिने. तिथं दोनच माणसं आहेत. दोघंही कामावर जाणारी. हिच्या मनातलं ओळखायला तिथं कुणाला वेळ नाही.

सहा महिने! थोरला चिडला, धाकटा हिरमुसला, अण्णा दोन दिवस डबे उगाच वरखाली करत राहिले. शेवटी बोलक्या बाईंनीच (हे नाव अक्काचं) मध्यममार्ग काढला. जायच्या आधी मला घरातला एक खेळ बघू द्या. वीस मिनिटं, सगळे मिळून, फोनवर टिपून पाठवा. तिला आवडेल तोच खेळ. प्रश्न विचारून तिला भंडावू नका, जे चाललंय ते साध्या शब्दांत बोला. तिच्या वतीनं कुणी बोलायचं नाही. आणि तिला काही हवंय असं वाटलं, तर देण्याआधी मनात दहा आकडे मोजा.

"आणि नाही जमलं," सूनबाई म्हणाली होती, "तर उद्या सकाळची गाडी."

गुंडीला आवडेल तो खेळ कोणता, याबद्दल मात्र घरात वाद नव्हता. दुकान-दुकान.

*

फोनमध्ये टिपलेलं. मिनिट पहिलं ते सहावं.

थोरला (गिऱ्हाईक): नमस्कार, मालकीणबाई.

(गुंडी त्याच्याकडे बघते. एक. दोन.)

अण्णांचा आवाज: ती नमस्कार म्हणतेय.

अक्का: ती गप्प बसलीये!

अण्णांचा आवाज: डोळ्यांनी म्हणतेय.

धाकटा: दादा, परत ये. पुन्हा पहिल्यापासून.

थोरला: नमस्कार, मालकीणबाई. मला एक बटण हवंय.

(गुंडी: उं. एक. दोन. तीन. चार.)

थोरला: कोणतं, म्हणतेस होय? लाल. लाल हवंय ना मला? हो. लाल.

सूनबाई: अरे, तिनं विचारलंच नाही.

थोरला: विचारलं असतं.

अण्णांचा आवाज: तो उं तो नव्हताच मुळी. तो पाण्याचा होता. थांब, पाणी देतो.

(अण्णांचा हात. पेला. गुंडी पाणी पिते. पेला परत देते. समाधानानं पाय हलवते.)

अक्का: झालं! आता कशाला बोलेल ती? सगळं मिळालं की!

*

"पुरे," सूनबाई म्हणाली.

शिडीपाशी येऊन तिनं हात वर केला. धाकट्यानं फोन छातीशी धरला, जणू ती फोन नव्हे, गुंडीलाच मागत होती.

"वहिनी, सहाच मिनिटं झालीत."

"सहा मिनिटांत चार वेळा तिच्या तोंडातला शब्द काढून घेतलात. वीस मिनिटांत किती होतील, कर हिशेब."

"हे बघ," थोरला म्हणाला, "पाणी दिलं म्हणून कुणी घर सोडून जातं का?"

"पाणी दिलं म्हणून नाही."

"मग?"

ती बोलणार, एवढ्यात अण्णाच बोलले. खिशातले दोन्ही हात बाहेर काढून. "तिला म्हणायचंय की आम्ही लाडावून ठेवलंय पोरीला. हेच ना? ठेवलंय! मी माझ्या नातीची भाषा बोलतो, यात माझा गुन्हा काय?"

सूनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

"तुम्ही तिची भाषा बोलता, अण्णा. तिच्याऐवजी बोलता."

अण्णांनी काउंटरवरचा रिकामा पेला उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"बरोबर आहे पोरीचं," खोक्यावरून अक्का म्हणाली.

"अक्का, तू तरी..."

"मी तरी काय? साठ वर्षं गप्प बसले, आता नाही बसणार. इकडे बघ. या डब्यांवर नमुने कुणी शिवले?"

"बाबांनी."

"का शिवले?"

"गिऱ्हाईकाची सोय."

"सोय डोंबलाची! बाबा अडखळायचे. 'काय पाहिजे' म्हणायला जायचे आणि 'का'वरच त्यांचा गळा असा दाटायचा की पुढचं अक्षर यायला गिऱ्हाईक निम्मं दुकान बघून व्हायचं. माणसं हसायची. म्हणून नमुने शिवले, रात्र रात्र बसून. कुणाला काही विचारायलाच नको. आणि तू," तिनं चष्मा काढून त्याच हातानं अण्णांकडे रोखला, "तू एवढासा होतास. बाबांच्या पुढ्यात उभा राहायचास आणि त्यांचा गळा दाटायच्या आत त्यांचं वाक्य बोलून टाकायचास. हुशार पोरगं म्हणायचे तुला लोक."

थोरल्यानं हाताची घडी सोडली. धाकटा शिडीवरून एक पायरी खाली आला. आपल्या घराण्याची जी गोष्ट ते लहानपणापासून मिरवत आले होते, तिचं अस्तर त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं.

अण्णांना ते नवीन नव्हतं. नवीन नव्हतं, पण इतकं जुनं होतं की सापडतच नव्हतं. आता एकदम सापडलं: बाबांचा हात खांद्यावर. शब्द अडला की तो हात घट्ट व्हायचा. आणि आपण बोललो, की सैल. तो हात सैल होण्यासाठी आपण काहीही केलं असतं.

"बाबांना त्यानं सुटल्यासारखं व्हायचं," ते हळूच म्हणाले.

"व्हायचंच. पण त्यांना बोलायची भीती होती, रे. हिला कसली भीती? हिची बोलायची वेळच येत नाही." अक्का उठली. गुडघे कुरकुरले, तिनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "चौदा मिनिटं आहेत अजून. सूनबाई, देतेस की नाही?"

सूनबाईनं पोरीकडे पाहिलं. मग शिडीखालून बाजूला झाली.

"देते."

"हां! मग तू," अक्का भावाला म्हणाली, "बाहेर हो."

"दुकानातून?"

"काउंटरमधून. गिऱ्हाईक हो."

*

काउंटरची फळी उचलून अण्णा बाहेर आले आणि वळले.

फळीखालून ते रोज दहा वेळा जात-येत. पण बाहेर येऊन वळले कधी नव्हते, निदान काही मागण्यासाठी तरी नाही. इथून दुकान निराळंच दिसत होतं. इतके डबे? इतके नमुने? शेकडो बटणं भिंतीवरून डोळे वटारून बघत होती, आणि त्यांच्या मधोमध, बरोब्बर अण्णांच्या जागी, बसलेली गुंडी. दोन्ही तळवे काउंटरवर पालथे. मान किंचित तिरकी.

मी असा दिसतो तर, अण्णांना वाटलं. आणि मग: अरे देवा, मी काय बोलू?

"नमस्कार," ते म्हणाले.

गुंडीनं त्यांना न्याहाळलं. वरून खाली. खालून वर. नजर त्यांच्या डाव्या मनगटावर थांबली. ती स्टुलावर उभी राहिली, मागे वळली, चौथ्या रांगेतला एक डबा ओढला, आत बोटं घातली आणि काउंटरवर एक बटण ठेवलं.

राखाडी. दोन भोकांचं. बारीक कडेचं.

अण्णांनी डावी बाही पाहिली. तिथलं बटण गेलेलं होतं. केव्हा गेलं, त्यांनाही माहीत नव्हतं.

दुकानात असा काही गदारोळ उडाला!

"आयला!" धाकटा शिडीवरून ओरडला. "बघितलंत? रंग बघा! भोकं बघा!"

"मला कळलं नाही कधी बटण गेलं ते," थोरला म्हणाला, "आणि हिला..."

"चौथी पिढी!" अण्णांनी काउंटरवर थाप मारली. "तीन वर्षांची! तोंड उघडायच्या आत!"

ते बोलून गेले आणि त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. सूनबाई कपाळाला हात लावून उभी होती. पण तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती, आणि त्यातलं किती हसणं आणि किती काय, हे अण्णांना ओळखता येईना.

"आता काय करायचं?" धाकटा म्हणाला. "ही तर अण्णांच्याही पुढची निघाली."

अण्णांनी बटण उचललं. मुठीत धरलं. डोकं गरागरा फिरत होतं, पण फिरण्यात मजा होती. विशीत पहिल्यांदा दुकान एकट्यानं उघडलं होतं तेव्हाची मजा. ओळखणाऱ्यापुढे काय चालत नाही? ओळखणाऱ्याला कोण हरवतं? चाळीस वर्षांत त्यांना कुणी हरवलं होतं?

होतं की! दिवसाला दोन तरी येत. ज्यांना स्वतःलाच काय हवंय ते ठाऊक नसतं. बावळट गिऱ्हाइकं!

*

बुटाच्या लाल नाड्यांची एक जोडी अण्णांनी स्वतःच ओढून घेतली. त्यातली एक कानांवरून घेतली आणि हनुवटीखाली गाठ मारली.

"झकास," ते म्हणाले. "लाल नाडी. कानाला लाल नाडी. असंच घालतात हे."

गुंडीचं तोंड उघडं पडलं.

"उं!" जोरात, मान हलवून.

चूक, चूक, असं नाही. अण्णांना लख्ख कळलं. अकरांतला चौथा. आणि ते आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम करायला लागले: न कळल्यासारखं उभं राहायला.

एक.

अण्णा भोळसटासारखे हसले.

दोन.

थोरला पुढे वाकला. अक्कानं न बघता त्याच्या सदऱ्याचं टोक पकडलं.

तीन. चार.

"उं!" गुंडीनं काउंटरवर हात आपटला. अण्णांनी नाडी कानांवरून काढली. विचार केला. नाकावर आडवी धरली. "हां, नाकाला. नाकाला लाल नाडी."

पाच.

गुंडी खुदकन हसली. मग हसू आवरून पुन्हा चिडली. या माणसाला झालंय काय? काल तर सगळं कळत होतं!

सहा.

उजवा हात पुढे जायला बघत होता. अण्णांनी तो दुसऱ्या हातानं धरला.

सात. धाकट्यानं फोन पोरीच्या तोंडाकडे वळवला.

आठ. पोरीची मान पुढे आली. ओठ जुळले. सुटले. पुन्हा जुळले. बाबांचा हात खांद्यावर असायचा तेव्हा आपण त्यांच्या ओठांकडे बघायचो, ते असेच जुळायचे. आणि आठव्या आकड्यापर्यंत आपण एकदाही थांबलो नव्हतो, एकदाही नाही, त्यांचा शब्द कदाचित नवव्याला

"नाई! पाय!"

*

कुणी हललं नाही.

बोलक्या बाईंनी हेही बजावलं होतं: शब्द आला तर टाळ्या नकोत, गोंधळ नको. तिनं काही तमाशा केलेला नाही, ती तुमच्याशी बोललीये. उत्तर द्या.

धाकट्यानं मूठ तोंडात घातली होती. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. अक्कानं त्याच्या सदऱ्याचं टोक अजून सोडलं नव्हतं. आणि अण्णा, ज्यांना पोरीला उचलून शटर फोडून रस्त्यावर पळत सुटावंसं वाटत होतं, ते फक्त म्हणाले:

"पाय? अरेच्चा. पायात होय! लाल नाडी पायात."

वाकून त्यांनी चपलेवरच नाडी गुंडाळली. गाठ मारायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण बोटांना दिसत नव्हतं.

"एक पाय झाला," ते वर न बघता म्हणाले. आणि थांबले.

या वेळी चार आकडेसुद्धा लागले नाहीत. दुसरी नाडी काउंटरवरून थेट त्यांच्या टकलावर पडली.

"दुशा!"

"दुसरा पाय! घ्या, दुसऱ्या पायात लाल नाडी."

दोन्ही पायांना लाल फुलं बांधून अण्णा उठले आणि दोन पावलं चालून दाखवलं. गुंडी टाचांवर नाचायला लागली. स्टूल डुगडुगलं, सूनबाई पुढे झेपावली, पण पोरीनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"पुना! पुना!"

पुन्हा! तीन शब्द म्हणायचे की चार, हे मोजण्याचं भान कुणाला राहिलं नाही. पुन्हा म्हटल्यावर पुन्हा! थोरला गिऱ्हाईक झाला आणि कोटाची दोन मोठी बटणं डोळ्यांवर धरून "चष्मा छान बसला" म्हणाला. बाप आणि इतका मूर्ख! गुंडीनं वाकून त्याच्या छातीवर बोट आपटलं. थोरला थांबला. घामाघूम झाला, पण थांबला. "इथं," ती म्हणाली. "इथं? बटण इथं, सदऱ्याला," तो म्हणाला, आणि दोन्ही बटणं छातीवर लावून दाखवली.

"मी, मी, आता मी!" अक्का सरसावली. तिनं पांढऱ्या लेसचा तुकडा नाकाखाली धरला आणि मिशीला पीळ दिला.

गुंडी इतकी हसली की तिला उचकी लागली. "अक्का नाई!"

अक्का मिशी धरूनच उभी राहिली. या घरात सगळे तिला अक्का म्हणत, लहान-थोर सगळे. पण हे तिनं पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. "काय म्हणाली?" तिनं थोरल्याला विचारलं. आणि थोरल्यानं, लाख रुपयांचं उत्तर ओठांवर असूनही, तिला सांगितलं नाही. "तिलाच विचार," तो म्हणाला.

"वीस झाली," धाकटा शिडीवरून म्हणाला. "खरं तर सव्वीस."

*

फोन खाली आला. सगळ्यांची तोंडं एकदम सूनबाईकडे वळली.

ती काउंटरच्या या टोकाला उभी होती, नाड्यांच्या ढिगाशेजारी. चेहरा लाल. ओठ मिटलेले.

"झालं!" धाकटा म्हणाला. "वहिनी राहणार. बघा ना चेहरा. वहिनी, बॅग सोडायला मी येतो वर."

"राहणारच," थोरला म्हणाला. "आता कशाला जाईल? तिलाही तेच म्हणायचंय. हो ना? तू फक्त ताईला फोन कर, की आम्ही..."

"तिला जरा दम तरी खाऊ द्या," अक्का म्हणाली. "दमलीये ती. राहते म्हणतेय, पण दमलीये."

अण्णांनाही तेच दिसत होतं. मिटलेले ओठ, किंचित वर उचललेली हनुवटी, एका पायावरचा भार: राहणार. चाळीस वर्षांचा अनुभव होता. ते बोलायला म्हणून तोंड उघडतात, तोच त्यांना दिसलं की सूनबाईचे ओठ जुळले होते. सुटले. पुन्हा जुळले.

किती वर्षं झाली हिला या घरात येऊन? सहा. आणि सहा वर्षांत हिचं एक तरी वाक्य आपण शेवटपर्यंत?

"थांबा," अण्णा म्हणाले. "कुणी बोलू नका. तिला बोलू द्या."

एक.

दोन.

तीन. थोरल्याला हे सहन होत नव्हतं. बायकोसमोर गप्प उभं राहणं पोरीसमोर गप्प राहण्याहून अवघड निघालं.

चार. पाच. सहा.

"मी जाणार आहे," सूनबाई म्हणाली.

धाकटा शिडीवरच मटकन बसला. अण्णांनी हात वर करून सगळ्यांना अडवलं, कारण ती अजून संपली नव्हती. तिच्या वाक्याला पुढचा भाग होता. असायचाच, बहुधा नेहमीच.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "सहा महिने नाही. तिथं बोलक्या बाईंच्या ओळखीचा एक सकाळचा वर्ग आहे, पोरांचे आणि आयांचे खेळ. तो मला बघायचाय. नीट शिकायचाय. मग परत. आणि परत आल्यावर..."

पुन्हा थांबली. कुणीही ते वाक्य पुरं केलं नाही. कुणाला करताही आलं नसतं.

"परत आल्यावर मला तिथं बसायचंय." तिनं काउंटरमागच्या स्टुलाकडे हात केला. "रोज. गिऱ्हाइकांशी बोलायला. मला माणसं बोललेली आवडतात, अण्णा. काय हवं, कशासाठी हवं, कुणाच्या झबल्याला हवं. लग्नाआधी मी दिवसभर माणसांशी बोलायचे. इथं आले आणि इथं कुणाला काही विचारावंच लागत नाही. सहा वर्षं मी हे म्हणेन म्हणतेय."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. नऊ इंची चेन दारातून ओळखणारा माणूस. बाहीचं बटण, अस्तराचा रंग, कापडाची जात ओळखणारा. आणि रोज जेवताना समोर बसणारी ही.

"मला कळलं नाही," ते म्हणाले. एवढंच. पण हे तीन शब्द त्यांच्या तोंडून घरात कुणी कधी ऐकले नव्हते, आणि अक्कानं चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

काउंटरमागे खुडबुड झाली. गुंडी पोटावर सरपटत स्टुलावरून खाली उतरत होती. आधी एक पाय, मग दुसरा. उतरून तिनं स्टुलाच्या गादीवर थापट्या मारल्या, धूळ झटकल्यासारख्या.

"आई," ती म्हणाली. "बश."

फोन बंद होता. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. थोरल्यानं फळी उचलून धरली. सूनबाई तिच्याखालून वाकून आत गेली, साडीचा पदर सावरत, आणि बसली. पोर तिच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. समोर, दोन्ही चपलांवर लाल नाड्या बांधलेले अण्णा.

सूनबाईनं दोन्ही तळवे काउंटरवर ठेवले.

"बोला," ती म्हणाली. "काय पाहिजे?"

तिनं त्यांच्या बाहीकडे पाहिलं नाही, मुठीकडेही नाही. ती वाट बघत राहिली. अण्णांचा गळा दाटला. कुणीही त्यांच्या वतीनं बोलायला पुढे आलं नाही.

"पंधराच दिवस हं," अण्णा म्हणाले. "सोळावा नको."